रंग जातो कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

दादरला रानडे रोडवर किंवा हिंदमाताच्या दुकानांत कापड घेणारे गिऱ्हाईक दोन प्रश्न हमखास विचारते. पहिला भावाचा. दुसरा, "रंग जाणार नाही ना?" दुकानदाराचे उत्तरही ठरलेले असते, "एकदम पक्का आहे ताई, गेला तर कापड परत आणा." आपल्या मराठीत रंगाच्या मागे क्रियापदांची केवढी रांग आहे पाहा. रंग चढतो, बसतो, धरतो, खुलतो. मग सुटतो, उतरतो, उडतो, विटतो आणि शेवटी जातो. तो जातो कुठे, हे मात्र आपण विचारत नाही. बादलीतले लाल पाणी मोरीत ओतले की आपल्यापुरता विषय संपतो.

आज मला या 'कुठे'बद्दल बोलायचे आहे. निमित्त आहे पाणी न वापरता कापड रंगवण्याच्या एका तंत्राचे. मी काही रसायनशास्त्राचा माणूस नाही. बी. ए. झालो, कविता लिहितो. पण माझे वडील परळच्या एका गिरणीत रंगखात्यात होते, आणि आमच्या घरात रंगाचा विषय कवितेच्या कितीतरी आधी आला. त्यामुळे हे तंत्र समजून घ्यायला थोडी पुस्तके चाळली, थोडे जाणकारांना विचारले. जे कळले ते तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात शिवाजी पार्कपासूनच करू. मैदानाच्या कट्ट्यावरून उठून समुद्राकडे गेलात की चैत्यभूमी लागते. तिच्या दक्षिणेला, प्रभादेवीच्या बाजूला, समुद्राला लागून सुमारे साडेबारा एकरांची जागा आहे. तिला सगळे इंदू मिल म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाचे भूमिपूजन तिथे ११ ऑक्टोबर २०१५ रोजी झाले. 'इंदू' हे इंडिया युनायटेड मिल्सचे बोलीतले लघुरूप. या कंपनीच्या बाकीच्या गिरण्या सूत काढत, कापड विणत. समुद्रकाठच्या या सहा नंबरच्या गिरणीचे काम रंगाईचे होते. त्याआधी ती ससून घराण्याकडे होती आणि तेव्हा तिचे नाव होते टर्की रेड डाय वर्क्स. म्हणजे तुर्की लाल रंगाचा कारखाना. ज्या किनाऱ्यावर आपण संध्याकाळी फिरायला जातो, त्याला लागून ही रंगाई चालत होती, हे आजच्या पिढीला सांगावे लागते.

हा तुर्की लाल म्हणजे काय? युरोपात मॅडर नावाच्या झाडाच्या मुळांतून अलिझरिन नावाचा लाल रंग काढत. तो सुतावर नुसता बसत नाही. आधी सूत तेलात भिजवायचे, वाळवायचे, मग तुरटी द्यायची, धुवायचे, रंगात उकळायचे आणि पुन्हा साबणाच्या पाण्यात उकळायचे. तुरटीतला धातू अलिझरिनला धरून ठेवतो आणि दोघे मिळून सुताला धरतात. तेव्हा कुठे तो लाल पक्का होतो. १८६८ साली हे अलिझरिन प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झाले आणि मॅडरची शेती बसली. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ लेव्हन नदीच्या खोऱ्यात या लाल रंगाचे मोठमोठे कारखाने होते. त्यांचा माल जहाजाने हिंदुस्थानात येई. कारखाने नदीच्या खोऱ्यातच का? कारण या रंगाला प्रत्येक पायरीवर धुणे आहे, आणि धुणे म्हणजे पाणी.

मुंबईत १८७९ साली नवरोसजी वाडिया यांनी सूत रंगवण्याचा छोटासा कारखाना सुरू केला. तांबडा, हिरवा आणि नारिंगी असे तीनच रंग. सूत हाताने रंगात बुडवायचे आणि उन्हात वाळत घालायचे. त्यातूनच पुढे बॉम्बे डाइंग उभी राहिली. हे १८७९ साल जरा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

माझ्या लहानपणी गिरण्यांचे दिवस शेवटाकडे चालले होते, पण भोंगे वाजत होते. साचाखात्यात आवाज आणि उडणारे तंतू, तर रंगखात्यात वाफ आणि ओल. जिगर नावाच्या यंत्रात कापड एका रुळावरून दुसऱ्या रुळावर, मधल्या रंगाच्या कुंडातून, तासन् तास पुढेमागे फिरत राही. वडील पाळी संपवून घरी येत तेव्हा त्यांच्या नखांवरून आज कुठला रंग चालला होता ते कळे. आम्ही पोरे तर गिरणीमागच्या गटारावरूनच ते ओळखत असू. आज निळा, काल किरमिजी. आम्हाला त्यात मौज वाटे. हे पाणी पुढे जाते कुठे, असे कुणी विचारल्याचे आठवत नाही.

वडिलांच्या हाताचा रंग कधी पुरता जात नसे. एकदा त्यांनी मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारले, "हाताला असा रंग असताना वुजू होते का?" वुजू म्हणजे नमाजाआधी हातपाय, तोंड धुणे. त्यात पाणी कातडीला लागले पाहिजे. इमामसाहेब म्हणाले, "मेंदीसारखा रंग कातडीत मुरला असेल तर काही हरकत नाही, पाणी कातडीला लागतेच. पण भिंतीच्या रंगासारखा वर थर बसला असेल तर तो आधी काढावा लागेल." पुढे वस्त्ररसायनाचे पुस्तक वाचताना ध्यानात आले की कापड रंगवणे आणि भिंत रंगवणे यांतला फरक शास्त्रही असाच सांगते. भिंतीचा रंग वर थर धरून बसतो. कापडाचा रंग धाग्याच्या आत शिरतो, अगदी रेणूरेणूने शिरतो. आणि रेणूरेणूने शिरायचे तर आधी त्याला सुटे व्हावे लागते, म्हणजे कशात तरी विरघळावे लागते. एवढ्यासाठी पाणी.

पाण्याची कामे तीन. रंगाला विरघळवायचे किंवा निदान बारीक करून पसरवायचे, त्याला धाग्यापर्यंत वाहून न्यायचे, आणि धाग्याने जो घेतला नाही तो धुऊन काढायचा. कोऱ्या कापडाची खळ काढण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंतचा सगळा हिशोब धरला तर एक किलो कापडामागे शंभर ते दीडशे लिटर पाणी लागते, असा अंदाज नेहमी दिला जातो. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे, असे सरकारी प्रमाण आहे. म्हणजे किलोभर कापड एका माणसाचे दिवसाचे पाणी पिते. पिऊन परत करते, पण परत येते ते रंग, मीठ, सोडा आणि साबण घालून. सुतासाठी आज सर्रास जे रिॲक्टिव्ह रंग वापरतात, ते १९५६ साली बाजारात आले. त्यांनी पक्केपणा आणि झळाळी आणली. पण त्यांतला बराच भाग सुताला न लागता पाण्याबरोबर निघून जातो, आणि ते बसावेत म्हणून कुंडात भरपूर मीठ घालावे लागते. रंग डोळ्यांना दिसतो म्हणून ओरड होते. मीठ दिसत नाही, पण विहिरी आणि शेती तेच खराब करते.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याच्या आगेमागे रंगाई-धुलाईची कामे मुंबईबाहेर सरकत गेली. भिवंडी, उल्हासनगर, डोंबिवली, तारापूर, तिकडे इचलकरंजी. शिवाजी पार्कच्या किनाऱ्यावरून गिरणीचा रंग गेला. आपल्याला वाटले, सुटलो. खरे तर रंगाच्या पाण्याने फक्त पत्ता बदलला. वालधुनीच्या काठावर राहणाऱ्याला किंवा पंचगंगेच्या खालच्या अंगाला शिरोळकडे राहणाऱ्याला तो पत्ता चांगला माहीत आहे. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यात दोष एकट्या रंगाचा नाही, शहरांचे मैलापाणीही आहे. तरी रंगाचे पाणी आहेच. तमिळनाडूत तिरुपूरला नोय्यल नदीची अशी अवस्था झाली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो रंग-कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. नदी वाचवायची तर मजुरांची चूल विझते आणि चूल पेटती ठेवायची तर नदी मरते, असा हा पेच आहे. म्हणून पाणीच लागणार नाही अशी रंगाई निघाली आहे असे मी प्रथम वाचले, तेव्हा कान टवकारले.

आता ते तंत्र. त्यात पाण्याच्या जागी वापरतात कार्बन डायऑक्साइड. आपण श्वासातून सोडतो तोच, सोडावॉटरच्या बाटलीतला तोच. आता वायूत रंग विरघळेल कसा? साध्या वायूत नाहीच विरघळत. त्याला आधी एका विलक्षण अवस्थेत न्यावे लागते.

१८२२ साली कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसले की बंद नळीत द्रव तापवत नेला, की एका क्षणी द्रव आणि त्याची वाफ यांच्यामधली रेघच नाहीशी होते. खाली द्रव, वर वाफ असा भेद उरत नाही. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ साली कार्बन डायऑक्साइडवर बारकाईने मोजमापे घेऊन त्या जागेला 'क्रिटिकल पॉइंट' म्हटले. मराठी परिभाषेत तो क्रांतिक बिंदू. त्याच्या पलीकडे पदार्थ गेला की त्याला सुपरक्रिटिकल म्हणतात. तो वायूसारखा सहज पसरतो, बारीकातल्या बारीक फटीत शिरतो. आणि दाबाने दाट झाल्यामुळे द्रवासारखा दुसऱ्याला आपल्यात विरघळवूही शकतो.

कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू आहे ३१ अंश सेल्सिअस आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पट दाब. पैकी ३१ अंश तर आपल्या मे महिन्यातल्या दुपारीच ओलांडले जातात. कचेरीच्या भिंतीवर आग विझवायचे कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे टांगलेले असते ना? आत तो दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. उन्हाळ्यात पंखे बंद पडले आणि खोली तापली, की त्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड गुपचूप या सुपरक्रिटिकल अवस्थेत गेलेला असतो. आपण त्याच्याखाली बसून फाइल चाळत असतो.

अशा अवस्थेतल्या पदार्थात घन वस्तू विरघळते, हे दाखवले ग्लासगोच्या हॅने आणि होगार्थ या दोघांनी. साल १८७९. इकडे मुंबईत वाडियांच्या कारखान्यात सूत हाताने रंगात बुडत होते, त्याच साली तिकडे, तुर्की लालाच्या खोऱ्यापासून जवळच, हे दोघे काचेच्या नळीत अल्कोहोल क्रांतिक बिंदूपलीकडे नेऊन त्यात क्षार विरघळवत होते. दाब वाढवला की क्षार दिसेनासा होई. दाब उतरवला की बर्फाच्या भुरभुरीसारखा पुन्हा प्रकट होई. या दोन गोष्टींची गाठ पडायला मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

मधल्या काळात हे तंत्र खाण्यापिण्याच्या वाटेने पुढे गेले. जर्मनीत १९६०च्या दशकात कुर्ट झोसेल यांनी याच कार्बन डायऑक्साइडने कॉफीच्या बियांतून कॅफीन काढून दाखवले. पुढे मसाल्यांचे अर्क, फुलांचे सुगंध त्याने काढू लागले. आपल्या पवईच्या आयआयटीतल्या ममता मुखोपाध्याय यांनी सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडने नैसर्गिक अर्क काढण्यावर लिहिलेले पुस्तक २००० साली आले. म्हणजे हा विषय मुंबईला परका नाही.

आता मुख्य प्रश्न. या कार्बन डायऑक्साइडमध्ये कुठला रंग विरघळतो आणि किती? त्यासाठी स्वयंपाकघरात जाऊ. मिसळीच्या रश्श्यावर लाल तर्री तरंगते. मिरचीचा रंग पाण्यात न उतरता तेलातच का उतरतो? कारण त्याचे गोत तेलाचे. हळदीचेही तसेच. फोडणीत टाकलेली हळद तेलाला लगेच रंग देते, पाण्यात नुसती ढवळली तर तळाशी बसते. उलट मीठ पाण्यात क्षणात विरघळेल, तेलात जन्मभर पडून राहील. समान स्वभावाचे एकमेकांत मिसळतात, हा विरघळण्याचा पहिला नियम. कार्बन डायऑक्साइडचा स्वभाव पाण्यापेक्षा तेलाच्या जवळचा आहे. म्हणून मिठासारखे रंग, ज्यांच्या रेणूंवर विद्युतभार असतो ते, त्यात विरघळत नाहीत. विरघळतात ते डिस्पर्स जातीचे रंग. पाण्याशी ज्यांचे फारसे जमत नाही आणि जे पॉलिएस्टरवर वापरतात, तेच हे. पाण्यात रंगवताना या रंगांना पसरवून ठेवायला वेगळी रसायने घालावी लागतात. कार्बन डायऑक्साइडमध्ये त्यांची गरज पडत नाही, रंगाची शुद्ध पूड पुरते.

विरघळतात म्हणजे तरी किती? साखरेसारखे चमच्या-चमच्याने नव्हे. लिटरमागे काही मिलिग्रॅम, फार तर काहीशे मिलिग्रॅम, असा साधारण हिशोब असतो. हे प्रमाण दाबावर आणि तापमानावर हलते. दाब वाढवला की वायू दाट होतो आणि जास्त रंग घेतो, हे सरळ आहे. तापमानाचे मात्र दुहेरी आहे. तापवले की वायू फुगतो, विरळ होतो, त्याची विरघळवण्याची ताकद घटते. पण तापल्यामुळे रंगाच्या पुडीतले रेणूही सुटायला उतावीळ होतात. दाब कमी असेल तर पहिली गोष्ट जिंकते आणि तापवल्यावर रंग कमी विरघळतो. दाब पुरेसा असेल तर दुसरी जिंकते आणि जास्त विरघळतो. प्रत्येक रंगाची ही आडवळणाची जागा वेगळी. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत माणसे एकेक रंग घेऊन, एकेका दाबाला, एकेका तापमानाला तो किती विरघळतो याचे तक्ते करत बसलेली असतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम रुक्ष वाटेल. पण ज्या रंगाचा तक्ता नाही, त्या रंगाने कारखान्यात कापड रंगवता येत नाही.

आणखी एक गंमत कळली. फार विरघळणारा रंगही चालत नाही. वायूत त्याला इतके बरे वाटते की तो धाग्याकडे जायलाच तयार होत नाही. हवा तो रंग असा, की वायूत थोडा उतरेल, धाग्यापाशी पोचताच वायूला सोडून आत शिरेल. मग मोकळा झालेला वायू पुन्हा पुडीकडे जाईल, पुन्हा थोडा रंग उचलेल. थोडेथोडे, पण अखंड. विहिरीवरच्या रहाटाच्या पोहऱ्यांसारखे.

जर्मनीतल्या क्रेफेल्ड या जुन्या रेशीमनगरीतल्या वस्त्रसंशोधन केंद्रात १९८०च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीने कापड रंगवून पाहिले गेले. पद्धत थोडक्यात अशी. जाड पोलादी नळकांड्यात कापड गुंडाळून ठेवायचे. बाजूला रंगाची पूड. मग कार्बन डायऑक्साइड सोडून साधारण १२० अंश तापमान आणि हवेच्या अडीचशे पट दाब द्यायचा. अडीचशे पट म्हणजे समुद्रात अडीच किलोमीटर खोल जितका दाब असतो तितका. आपला घरचा कुकर शिट्टी देतो तो दुप्पट दाबाला, त्यावरून कल्पना करा. या दाबात पॉलिएस्टरचा धागा किंचित फुगतो, सैल होतो, आणि रंग आत शिरतो. शेवटी ताज्या वायूने जादा रंग धुऊन घ्यायचा आणि दाब उतरवायचा. वायू निघून जातो, उरलेला रंग पूड होऊन मागे पडतो, कापड कोरडेच बाहेर येते. वाळवण्याचे इंधनही वाचते. तोच वायू पुन्हा दाबून पुढच्या खेपेला वापरायचा. वायूपैकी सुमारे ९५ टक्के पुन्हा वापरता येतो आणि रंगापैकी जवळपास सगळा कापडाला लागतो, असे यंत्र बनवणारे सांगतात.

नेदरलँड्समधल्या डायकू नावाच्या कंपनीने अशी यंत्रे बाजारात आणली. २०१०च्या सुमारास थायलंडमध्ये पहिले यंत्र कारखान्यात चालू लागले. २०१३च्या डिसेंबरात तैवानमध्ये नायकी कंपनीच्या कपड्यांसाठी असा कारखाना सुरू झाला. त्यांनी वायू कुठून आणला, असा प्रश्न पडेल. तो मुद्दाम जाळून तयार करावा लागत नाही. खतकारखान्यात अमोनिया बनवताना तो निघतो. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या मळीपासून अल्कोहोल करतात, तेव्हा आंबवण्याच्या टाक्यांतूनही तो निघतो. महाराष्ट्राला या बाबतीत तोटा पडू नये.

इथवर ऐकून वाटेल, झाले, प्रश्न सुटला. मलाही वाटले होते. पण मघाची तर्री आठवा. कार्बन डायऑक्साइडला तेलाच्या गोतातले रंग चालतात, आणि ते रंग बसतात पॉलिएस्टरवर. आपले कापड कुठले? सोलापूरची चादर आणि टॉवेल, इचलकरंजीचे सुती कापड, आजीचे लुगडे, माझा सदरा, हे सगळे कापसाचे. कापसाचा धागा पाण्याच्या गोतातला. तो उघडतो, फुगतो, तो पाण्यानेच. कार्बन डायऑक्साइड त्याला उघडू शकत नाही, आणि त्याला धरणारे रिॲक्टिव्ह रंग कार्बन डायऑक्साइडमध्ये विरघळत नाहीत. दोन्हीकडून दार बंद. काही संशोधकांनी विद्युतभार नसलेले वेगळे रिॲक्टिव्ह रंग घडवले, काहींनी कापूस आधी थोड्या अल्कोहोलने भिजवून पाहिला, काहींनी वायूत पाण्याचे सूक्ष्म थेंब मिसळले. प्रयोग यशस्वी झाल्याचे निबंध आहेत. पण निबंधातला चिंधीचा तुकडा आणि बाजारातला ताका यांच्यात मोठे अंतर असते.

दुसरी अडचण पैशाची. अडीचशे पट दाब झेलणारे पोलादी यंत्र परवडते ते जगभर बूट आणि खेळाचे कपडे विकणाऱ्या कंपन्यांच्या पुरवठादारांना. उसनवारीवर चार जिगर आणि एक बॉयलर चालवणाऱ्या लहान कारखानदाराला ते कसे परवडणार? आणि ज्या नद्या रंगल्या आहेत, त्या बऱ्याच अंशी अशा लहान कारखान्यांच्या दारातून वाहतात. म्हणजे तंत्र आहे तिथे नदी नाही, आणि नदी आहे तिथे तंत्र नाही.

तिसरी गोष्ट सांगायला जरा संकोच वाटतो, कारण ती अजून कुणी मांडलेली मला आढळली नाही. 'पाण्याशिवाय रंगवलेले' अशी चिठ्ठी फक्त पॉलिएस्टरला लागू लागली, तर उद्या पॉलिएस्टर पवित्र आणि कापूस पापी ठरेल. पॉलिएस्टर येते खनिज तेलातून. धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात आणि तेही त्याच समुद्रात जातात. विदर्भातल्या कापूस उत्पादकाच्या मालाला भाव मिळत नाही तो नाहीच, वर त्याच्या कापसाला पाणीखाऊ म्हणून नावे ठेवली जातील. एका नदीचे भले करताना दुसऱ्या कुणाच्या शेतावर बोजा टाकायचा, हा हिशोब बरोबर नाही.

मग या तंत्राकडे पाठ फिरवायची का? अजिबात नको. आपल्या अंगावर आता पॉलिएस्टरही पुष्कळ आहे. शाळेचा गणवेश पाहा, साड्या पाहा, शिवाजी पार्कवर धावणाऱ्यांचे टी-शर्ट पाहा. तेवढा भाग जरी पाण्याविना रंगला तरी कितीतरी ओढे मोकळे होतील. त्यासाठी प्रत्येक लहान कारखानदाराने यंत्र घ्यायला हवे असेही नाही. औद्योगिक वसाहतीत सांडपाण्याचे सामाईक केंद्र उभारतात, त्याला सरकारी मदत मिळते. घाण झाल्यावर ती निस्तरण्याच्या केंद्राला पैसा देता येतो, तर मुळात घाण होऊ न देणाऱ्या सामाईक रंगशाळेला का देता येऊ नये? पॉलिएस्टरचे ताके सगळ्यांनी तिथे आणावेत, रंगवून न्यावेत. रंगखात्यातल्या माणसाला त्याच यंत्रावर शिकवून कामाला घ्यावे. नाहीतर पाणी वाचेल आणि माणूस जाईल. आमच्या गिरणगावाने तसले वाचवणे एकदा पाहिले आहे.

आणि कापसाचे? ते काम दुसरे कुणी आपल्यासाठी करून देणार नाही. युरोपातल्या कंपनीला सोलापूरच्या टॉवेलाची निकड नसते. पण आपल्याकडे माटुंगा आहे. शिवाजी पार्कपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा जो विभाग काढला, तीच आपली जुनी यूडीसीटी, आताची आयसीटी. तिथे अगदी आरंभापासून वस्त्ररसायन शिकवले जाते, कारण शेजारी गिरण्या होत्या. तिथले पहिले भारतीय संचालक के. वेंकटरामन यांनी कृत्रिम रंगांवर जो ग्रंथ सिद्ध केला, तो जगभरच्या रंगशास्त्रज्ञांनी वापरला. वरळीला सस्मिरा आहे, घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे. गिरण्या गेल्या, पण या संस्था आहेत. कापसाला पाण्याविना, किंवा निदान थोड्या पाण्यात आणि मिठाविना, रंग देणारे रेणू कोणते, हा प्रश्न त्यांच्यासमोर कुणी ठेवायचा? मला वाटते, कापड नेसणाऱ्यांनी. मागणी असेल तर संशोधनाला पैसा येतो.

म्हणून एक छोटी विनंती करतो. कापड घेताना रंग पक्का आहे ना, हे जरूर विचारा. पाठोपाठ हेही विचारा, की हे रंगवले कुठे आणि त्याचे पाणी गेले कुठे. दुकानदार गोंधळेल, कारण त्याला हे आजवर कुणी विचारलेले नाही. त्याने ते मुळजी जेठा मार्केटच्या व्यापाऱ्याला विचारावे, व्यापाऱ्याने रंगाई करणाऱ्याला विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर हसतील. दहा हजारांनी विचारले तर कापडाच्या चिठ्ठीवर धुण्याच्या सूचनेखाली आणखी एक ओळ छापावी लागेल. त्या ओळीत नदीचे नाव असावे, एवढीच माझी इच्छा आहे.